यंत्रपुरुष आणि युद्ध

१९७९ च्या एप्रिलांत जपानी दूरचित्रवाणीवर ‘मोबाइल सूट गंडम’ ही चित्रमालिका सुरू झाली. तोंवरचे यंत्रपुरुष बहुधा अजिंक्य वीरच असत. दिग्दर्शक योशियुकी तोमिनो यांनीं मात्र १८ मीटर उंचीचें हें यंत्र निव्वळ युद्धसाहित्य मानलें आणि तें चालविण्यास पंधरा वर्षांचा भेदरलेला आमुरो आंत बसविला. एका महिन्याच्या संग्रामांत निम्मी मानवजात नष्ट झाल्याचें निवेदन प्रारंभींच येतें. मुलांच्या करमणुकींत हें धाडसच! शत्रूहि येथें राक्षस नव्हे, माणूसच. मालिका ५२ ऐवजीं ४३ भागांतच आटोपती घ्यावी लागली. पण १९८० मध्यें बांदाई कंपनीनें काढलेले जोडणीचे नमुने हातोहात खपले, आणि १९८१ च्या फेब्रुवारींत तोक्योच्या शिंजुकू भागांत जमलेल्या हजारों तरुणांपुढें चलच्चित्रांच्या नव्या युगाची घोषणा वाचली गेली. २००९ सालीं त्याच शहरांत या यंत्राचा पूर्णाकृति पुतळा उभा राहिला.