बीड ते दुबई : विमान तीन तासांचे, प्रवास सतरा तासांचा

दुबई किती लांब, असे विचारले की आपल्याकडे चटकन उत्तर येते, "तीन तास." उत्तर खोटे नाही. मुंबई ते दुबई हवाई अंतर सुमारे १,९३० किलोमीटर. विमानाला तीन-सव्वातीन तास लागतात. जेद्दा सुमारे साडेतीन हजार किलोमीटर, तिथे पाच-साडेपाच तास. १९९५ साली बंद होईपर्यंत मुंबईहून हाजींची जहाजे जात, तेव्हा याच जेद्दाला दिवसच्या दिवस लागत. पण हा सगळा हिशेब मुंबईपासूनचा झाला. बीडच्या माणसाने तो बीडपासून मांडावा, असे आम्ही सुचवतो.

समजा सकाळी दहाचे विमान आहे. बीड-मुंबई रस्ता सुमारे चारशे किलोमीटर, एसटीने नऊ-दहा तास. विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे, म्हणजे आदल्या रात्री आठला बीड सोडले तरी हातात तासभरच जादा उरतो. घाटात ट्रक आडवा झाला की तोही गेला! दुबईत उतरताना तिथले घड्याळ साडेअकरा दाखवते, आपले एक. सतरा तासांपैकी हवेत फक्त तीन.

दुबईची वेळ आपल्या दीड तास मागे, सौदीची अडीच तास. तिकिटावर सुटण्या-पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची असते. म्हणून जाताना प्रवास दीड तासाचा वाटतो आणि येताना साडेचार तासांचा. प्रत्यक्षात येताना वारा पाठीमागून मिळत असल्याने विमान थोडे लवकरच येते.

छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा विमानतळ बीडपासून सुमारे सव्वाशे किलोमीटर. तिथून मुंबई गाठता येते, पण दोन तिकिटे वेगवेगळी काढली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी नसते. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडहून रेल्वे सुरू झाली, तीही अहिल्यानगरपर्यंत.

नोकरीला जाणारा माणूस थकला तर झोप काढतो. सीताफळाला ती सोय नाही. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेले आपले बीडचे सीताफळ तोडल्यावर तीन-चार दिवसांत मऊ पडते. सकाळी तोडणी, दुपारी निवड, रात्री ट्रक, दुसऱ्या दिवशी मुंबईत रोगमुक्ततेचा दाखला आणि कस्टम, रात्री विमान. दुबईच्या अल अवीर बाजारात माल लागेपर्यंत तिसरा दिवस उजाडतो. त्यासाठी डोळे उघडू लागलेले पण कडक फळच तोडावे लागते. फार गार ठेवूनही चालत नाही. साल काळी पडते.

भाड्याचीही एक गोम आहे. हवाई मालात वजन आणि आकारमान यांपैकी जे जास्त भरेल त्यावर आकारणी होते. पेटीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून सहा हजारांनी भागायचे. साठ, चाळीस, तीसची पेटी बारा किलो धरली जाते, आत फळे आठच किलो असली तरी. पेटीत मोकळी जागा सोडली तर चार किलो हवेचे भाडे व्यापाऱ्याच्या माथी बसते. ज्यांना ही धावपळ परवडत नाही, त्यांनी गर काढून गोठवावा. तो जहाजाने सावकाश गेला तरी बिघडत नाही, फक्त शीतपेटीची वीज मध्येच जाता कामा नये.