मासे आणण्यापूर्वी

काचेची टाकी घरी आणावी, तळाशी रेती पसरावी, दोन-चार पाणवनस्पती रोवाव्या, वर नळाचे पाणी भरावे आणि त्याच संध्याकाळी बाजारातून मासे आणून सोडावे, अशी आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे. पाणी नितळ दिसते, मुले टाळ्या पिटतात. मग काही दिवसांनी मासे वर येऊन धापा टाकू लागतात आणि पंधरवडा उलटण्याच्या आत टाकी रिकामी होते. पनवेलला आमच्याच घरी असे घडले. दोन सोनमासे गेले, आणि "आपण त्यांना उपाशी ठेवलं का?" या मुलांच्या प्रश्नाला आम्हांला उत्तर सुचेना. वास्तविक आम्ही त्यांना दिवसातून चार वेळा खाऊ घालीत होतो, आणि तेच भोवले.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न, विष्ठा, कुजके पान यांतूनही तोच निघतो. वडाळे तलावासारख्या मोठ्या जलाशयात तो विरळ होतो आणि तळच्या गाळातले जीवाणू त्याची वासलात लावतात. दोन फूट लांब, एक फूट रुंद टाकीत मात्र तो साठत जातो, कल्ले जाळतो, आणि डोळ्यांना मुळीच दिसत नाही. पाणी नितळ आहे म्हणजे निर्दोष आहे, हा आपला समज येथे फसतो.

गाळातल्या त्या जीवाणूंचे गूढ रशियन शास्त्रज्ञ सेर्गेई विनोग्राड्स्की याने १८९० च्या सुमारास उलगडले. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि या उद्योगावरच दोघांचे पोट भरते. (दोन्ही कामे एकटाच उरकणारा जीवाणूही २०१५ साली उजेडात आला.) मधला नायट्राइट हाही विषारीच, तो माशाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती हिरावून घेतो. शेवटचा नायट्रेट त्या मानाने पुष्कळ सौम्य असून वनस्पतींचे तर ते खतच होय. नव्या टाकीत हे जीवाणू जवळजवळ नसतात. ते रेतीवर, पानांवर, गाळणीच्या स्पंजावर वस्ती करीपर्यंत थांबणे, यालाच आम्ही टाकी मुरवणे म्हणतो. दुधाला विरजण लावावे तसाच हा प्रकार. फरक एवढाच की, दही रातोरात लागते आणि या जीवाणूंची वाढ इतकी मंद की चार ते सहा आठवडे सहज जातात.

पण मासे नाहीत, तर त्या जीवाणूंनी खावे काय? येथे आपला जुना नवसागर कामास येतो. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर जी पांढरी पूड टाकी, तीच ही. मात्र कल्हईचा नवसागर टाकीत घालू नये; रसायनांच्या दुकानातून शुद्ध आणावा. वर सांगितलेल्या टाकीत, एक फूट उंची धरल्यास, रेती वजा जाता सुमारे चाळीस लिटर पाणी राहते. लिटरमागे दोन मिलिग्रॅम अमोनिया हवा, तर पाव ग्रॅम नवसागर पुरतो. पाव ग्रॅम घरच्या तराजूवर तोलणार कसा? म्हणून पाच ग्रॅम नवसागर थोड्या पाण्यात विरघळवून पाण्याने ते शंभर मिलिलिटर करावे आणि औषधाच्या पिचकारीने त्यातले पाच मिलिलिटर टाकीत सोडावे. तपासणीच्या थेंबांची पेटी घेऊन अमोनिया आणि नायट्राइट एक दिवसाआड पाहावे. प्रथम अमोनिया उतरू लागतो, नायट्राइट चढतो. मग तोही उतरतो. अमोनिया शून्यावर आला की पुन्हा मात्रा द्यावी, पण नायट्राइट फार चढलेला असेल तर तो थोडा ओसरू द्यावा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते जीवाणू मारण्यासाठीच घातलेले असते. तेव्हा पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवूनच वापरावे. जीवाणूंच्या या कामात पाण्याचा क्षार खर्च होतो. पाणी मुळात मृदू असेल तर ते आम्ल बनते आणि काम मध्येच अडते. अशा वेळी चिमूटभर खायचा सोडा पुरे. वीज गेली की गाळणी थांबते, स्पंजातला प्राणवायू संपतो आणि वस्ती गुदमरते, म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा.

वनस्पतींविषयी दोन शब्द. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टनने १८५० साली दोन सोनमासे, व्हॅलिस्नेरिया आणि कुजकी पाने खाणाऱ्या गोगलगायी यांचा मेळ घालून टाकी टिकवून दाखवली. वनस्पती अमोनिया स्वतःच शोषतात, त्यामुळे हायड्रिलासारखी झपाट्याने वाढणारी वनस्पती दाट लावली तर निम्मे ओझे ती उचलते. दिवा सहा ते आठ तास पुरे. जास्त ठेवल्यास शेवाळ माजते. पोषक माती तळाला घातली असेल, तर पहिले काही आठवडे तीच अमोनिया सोडते. तेथे नवसागराची गरज नाही.

परीक्षा सोपी आहे. संध्याकाळी नेहमीची मात्रा द्यावी. चोवीस तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टाकी मुरली. मग साठलेला नायट्रेट काढण्यासाठी अर्ध्याहून अधिक पाणी बदलावे.

आमच्या दुसऱ्या टाकीला पाच आठवडे लागले. तेही शेजाऱ्यांनी आपल्या जुन्या, निरोगी टाकीतला स्पंज आमच्या टाकीत पिळू दिला म्हणून. नुसत्या पाण्याने हे साधत नाही, कारण वस्ती स्पंजावर असते. सहाव्या आठवड्याच्या आरंभी आम्ही चार लहान झेब्रा मासे सोडले, चारच. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य. मुलांनी आठ दिवस रोज थेंब टाकून रंग पाहिला. नायट्राइटची नळी रोज निळीच राहिली. नवव्या दिवशी त्यांनी आणखी दोन मासे मागितले.