पणजीतील कोरेदिन्यो

पेडणे किंवा डिचोली तालुक्यात ज्याचे बालपण गेले, त्याला नृत्य म्हटले की शिगम्यातील रोमटामेळ आठवतो, मांडावर रंगणारा स्त्रियांचा धालो आठवतो. पुरुषांचा मेळ निराळा आणि स्त्रियांचा फेर निराळा, हाच तेथला पूर्वापार शिरस्ता असल्यामुळे, स्त्री-पुरुषांनी परस्परांना धरून गिरक्या घेण्याचा कोरेदिन्यो त्याला प्रथमदर्शनी परका वाटला तर नवल नाही. तिसवाडी, बार्देश व सासष्टी या जुन्या काबिजादींवर सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अंमल होता. पेडणे-डिचोलीवर तो अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला, आणि तोवर जुन्या काबिजादींत चर्चच्या शाळांमधून व्हायोलिन व पाश्चात्त्य स्वरलिपी चांगलीच रुजली होती.

कोरेदिन्योचे माहेर पोर्तुगालच्या दक्षिणेकडील आल्गार्व प्रांत. बोहेमियात जन्मलेल्या पोल्काने १८४० नंतर युरोपातील नृत्यशाळा व्यापल्या, आणि त्याच द्रुत, द्विमात्रिक चालीला आल्गार्वच्या लोकांनी अकॉर्डियनच्या साथीने आपले वळण दिले. जोडपी वर्तुळाकार पुढे सरकतात. पावले आखूड, जमिनीलगत, पण विलक्षण चपळ. मग वाद्याचा वेग वाढतो, वर्तुळ थबकते आणि प्रत्येक जोडी जागच्या जागी भोवऱ्यासारखी फिरू लागते. या क्षणी दोघांचाही तोल एकमेकांच्या पकडीवर अवलंबून असतो: प्रत्येकाने आपला भार किंचित बाहेर झुकवायचा आणि तो जोडीदाराने सावरायचा, एकाने हात सैल सोडला की दोघेही ढळतात.

पेडण्याच्या फुगडीत, हातांची अढी घालून मागे रेललेल्या दोन मुली ज्या बळावर गरगर फिरतात, ते बळ हेच. म्हणून मला तर मांड्यापेक्षाही कोरेदिन्यो आमच्या गावच्या माणसाला समजण्यास सोपा वाटतो. कारण मांडो हे गोव्याच्याच मातीतले असले तरी, समोरासमोरच्या रांगांतून, स्पर्श टाळून, संथ लयीत चालणारे ते दरबारी नृत्य आहे आणि त्याची गोडी लागण्यास सवड लागते.

आज मांडवीतील सहलीच्या बोटींवर देखणी आणि फुगडीबरोबर कोरेदिन्योही दाखविला जातो. त्याने कलावंतांची मिळकत होते हे खरे, परंतु त्या अरुंद मंचावर वर्तुळाला फिरण्यास जागाच उरत नाही, आणि वर्तुळावाचून हे नृत्य निम्मेच दिसते. ऐसपैस मंचावर एखादे लोकनृत्यपथक ते सादर करीत असेल, तर पेडण्या-डिचोलीच्या रसिकांनी मुद्दाम वाट वाकडी करून जावे, आणि प्रथम नजर पायांवर नव्हे, हातांच्या पकडीवर ठेवावी.