आज जेवण कुणाकडे?

अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडीचं नाव मुंबई-पुण्यात पोचलं ते काजव्यांमुळे. पण मेअखेरीला हिरडा-बेहड्यावर लुकलुकणारे काजवे भंडारदऱ्यालाही आहेत आणि तिथे शनिवारी रात्री गाड्यांची रांगच लागते. काजव्यांचं चमकणं हे जोडीदाराला दिलेलं बोलावणं. हेडलाइटच्या झोतात ते विरून जातं. शिवाय अशा गर्दीचा पैसा रस्त्याकडेला जागा असलेल्याच्याच गल्ल्यात पडतो. महादेव कोळ्यांच्या पुरुषवाडीत 2006च्या सुमारास ‘ग्रासरूट्स’ या ग्रामीण पर्यटन संस्थेच्या साथीने पर्यटन सुरू झालं. तिथे पाहुणा कुणाकडे जेवणार हे पाहुणा ठरवत नाही. घरांचा क्रम लावलेला असतो. माझ्या मते पुरुषवाडीची खरी कमाई हा क्रमच आहे. ज्याचं घर गावाच्या टोकाला, ज्याला शहरी बोलणं जमत नाही, त्याच्याही चुलीपर्यंत पाहुणा जातो.

यावर पहिला आक्षेप चवीचा. एका घरची नाचणीची भाकरी पापुद्रा सुटलेली, दुसरीकडची जाड, हे व्हायचंच. पण शेंगोळी घ्या: हुलग्याच्या पिठात लसूण-मिरचीचं वाटण घालून घट्ट मळायचं, हातावर लांबट वळायचं आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात सोडायचं. तिखट किती, रस्सा किती दाट, हे त्या घरच्या हाताचं. सगळीकडे एकच चव हवी असेल तर हायवेवर ढाबे आहेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: एवढ्याने गावाचं पोट भरतं का? नाही भरत, आणि तसा दावा करणं लबाडी ठरेल. या पट्ट्यातली माणसं उन्हाळ्यात कामासाठी नारायणगावकडे उतरतात. काजव्यांचा हंगाम नेमका भात पेरण्याआधीच्या त्या कडकीत येतो. बी-बियाण्याला हात लावायच्या वेळी चार रोख पैसे घरात आले, तर त्यांची किंमत रकमेपेक्षा जास्त असते.

संस्कृतीचं प्रदर्शन होतं, ही तक्रार मात्र सरसकट खोडून काढता येत नाही. पाहुणे आले म्हणून अवेळी नाच लावला तर ते प्रदर्शनच. जेवणाचं तसं नाही, कारण ती चूल पाहुणा नसतानाही पेटतेच. कच्चा दुवा वेगळाच आहे: बुकिंग शहरातून होतं. क्रम गावाचा असला, तरी किती माणसं पाठवायची हा आकडाही गावानेच ठरवायला हवा, आणि लावणीच्या दिवसांत ‘आता येऊ नका’ असं सांगायची मुभाही गावाला हवी.