सकाळी सेल्फ मारताना गाडी काय सांगते?

उरणजवळच्या करंजा बंदरात मच्छीमारांच्या होड्या पहाटे सुरू होतात, तेव्हा होडीवरचा जाणता ड्रायव्हर आधी इंजिनचा आवाज ऐकतो आणि मगच दोर सोडतो. समुद्रात मध्येच इंजिन बसले तर गॅरेज कुठून आणणार? रस्त्यावर गाडी चालविणाऱ्या आपल्या माणसांनीही ही सवय उचलावी असे आम्हांला वाटते. उरण-पनवेल पट्ट्यात गाडीवर पोट असलेली घरे पुष्कळ. कोणी टॅक्सी चालवितो, कोणी शाळेची मुले ने-आण करतो, कोणाचा छोटा टेम्पो बंदराच्या कामावर लागलेला. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाची कमाई गेली, हप्ता मात्र थांबत नाही. त्यातून गाडीने सकाळी विचित्र आवाज केला आणि कोणी ‘इंजिन खोलावे लागेल’ म्हटले, की घरात सर्वांची तोंडे उतरतात. खरे तर अशा आवाजांपैकी बरेचसे इंजिनाचे नसतातच. ते बॅटरीचे, सेल्फचे नाही तर पट्ट्याचे असतात.

पूर्वी गाडी हँडल फिरवून सुरू करीत. हँडल उलटे बसले की मनगट मोडायचे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने विजेवर चालणारा सेल्फ तयार केला आणि 1912 च्या कॅडिलॅक गाडीत तो बसला. आपल्याकडच्या जुन्या ॲम्बेसडरला सेल्फ असूनही डिकीत हँडल असे; बॅटरी बसली की तेच कामी येई. आता हँडल गेले, म्हणून बॅटरीवरचा भार सगळा आपल्या लक्षावर आला.

चावी फिरविल्यावर ‘टकटकटक’ असा भराभर आवाज येतो आणि इंजिन फिरत नाही, तेव्हा बॅटरीत दम नाही किंवा तिची टर्मिनले नीट धरत नाहीत असे समजावे. सेल्फला सुरुवातीच्या क्षणी शंभर-दीडशे अँपियर किंवा त्याहूनही जास्त करंट लागतो. टर्मिनलवर पांढरा-हिरवा क्षार साचला, की तेवढा करंट पुढे जात नाही. करंजासारख्या खाऱ्या हवेच्या ठिकाणी हा क्षार लवकर धरतो, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. हेडलाइट लावून सेल्फ मारून पाहावा. दिवे अगदी मंद झाले तर बॅटरी किंवा तिची जोडणी तपासावी. दिवे तसेच लख्ख राहून एकच ‘टक्’ आवाज आला, तर बहुधा सेल्फचा सोलेनॉइड किंवा खुद्द सेल्फ पाहावा लागेल.

टर्मिनल साफ करणे घरच्या घरी होते. गाडी बंद करून चावी काढावी. आधी वजा खुणेची वायर सोडावी, नंतर अधिक खुणेची. जोडताना बरोबर उलट, वजा शेवटी. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने क्षार घासावा. ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. पुसून कोरडे करून टर्मिनल घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीन लावावे. बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून जवळ बिडी-काडी नको. मीटर असेल तर पाहावे: रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखविते आणि इंजिन चालू असताना साधारण 14. चालू इंजिनावरही 12 च्या आतबाहेरच राहिले, तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही. आधी अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. पुष्कळ जण इथेच फसतात आणि पैसे पाण्यात जातात.

‘खर्रर्र’ असा दात खाल्ल्यासारखा आवाज आला तर सेल्फचे पिनियन फ्लायव्हीलच्या रिंगवर नीट बसत नाही. सेल्फ नुसताच ‘घुंई’ करून फिरतो आणि इंजिन जागचे हलत नाही, हेही पिनियनचेच दुखणे. हे काम मिस्त्रीचे. पण लवकर द्यावे. सेल्फ दुरुस्त होतो, रिंगचे दात गेले तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी कितीतरी वाढते. इंजिन चालू असताना पुन्हा सेल्फ मारणे हेच त्या दातांचे मोठे शत्रू. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ दाबू नये, मध्ये थोडा दम घेऊ द्यावा.

सुरू होताच ‘चीं’ असा कर्कश आवाज येऊन थांबला तर पट्टा सैल किंवा झिजलेला. पट्टा तपासताना इंजिन बंदच हवे. चालू इंजिनाशेजारी ओढणी, पदर, सैल बाही नेऊ नये.

सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंद वरून ‘टिकटिक’ येऊन थांबली तर रात्री ऑइल खाली उतरले होते, एवढेच. पट्टी काढून ऑइल पाहावे. गाडी सपाट जागी, इंजिन काही मिनिटे बंद ठेवून. कमी असेल तर गाडीच्या पुस्तकात दिलेलेच ऑइल घालावे. ऑइल बदलताना फिल्टरही बदलावा. थंड असताना फटफट आणि गरम झाल्यावर आवाज बंद, असे झाल्यास सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचे पॅकिंग पाहावे. तो धूर केबिनमध्ये शिरू शकतो आणि तो विषारी असतो, तेव्हा बंद जागेत गाडी चालू ठेवू नये. डिझेल गाडी सकाळी थोडा वेळ खडखडते, त्याने घाबरून जाऊ नये.

मात्र खालून ‘ठक ठक’ असा जड, खोल आवाज आला, ॲक्सिलरेटर दिल्यावर तो वाढला किंवा ऑइलचा लाल दिवा विझत नसला, तर तिथल्या तिथे इंजिन बंद करावे. बेअरिंगचे काम असू शकते. ‘गॅरेजपर्यंत तर जाईल’ म्हणून चालविलेली गाडी क्रँकही घेऊन जाते. ती ओढून न्यावी.

गॅरेजात गेल्यावर नुसते ‘आवाज येतो’ म्हणू नये. गाडी थंड असताना की गरम, सेल्फ मारताना की नंतर, किती वेळ, वरून की खालून, हे सांगावे. शक्य तर रात्रभर गाडी तिथेच ठेवून सकाळचा पहिला सेल्फ मिस्त्रीलाच मारू द्यावा. बदललेला जुना पार्ट मागून घ्यावा आणि बिलावर पार्टचे नाव लिहून घ्यावे.