हदगावचे मत कोण मोजतो?

हदगाव तालुका जिल्ह्याने नांदेडचा, पण लोकसभेपुरता हिंगोलीचा. येथील मतदाराचा कल अजमावण्यासाठी निवडणूक-पाहण्या करणाऱ्या ‘लोकनीती’ची पद्धत म्हणजे मतदारयादीतून ठरावीक अंतराने नावे निवडून अन्वेषकाने घरी जाऊन मुलाखत घेणे, जी खर्चिक खरी, परंतु शेतमजुरासही तीत स्थान आहे. याउलट वाचक बातम्या कोठून घेतात हे पाहणाऱ्या, रॉयटर्स संस्थेच्या ‘डिजिटल न्यूज रिपोर्ट’मध्ये २०२१ साली भारत आला तो मुख्यत्वे इंग्रजी जाणणाऱ्या आंतरजाल-वाचकांच्या पाहणीने, अर्थात हदगावचा मराठी वाचक त्या दफ्तरी जवळजवळ गैरहजरच! समाजमाध्यमांवरून अंदाज घ्यावा, तर फेसबुकवरील बातम्यांचा प्रसार दाखविणारे ‘क्राउडटँगल’ हे साधन फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, ऑगस्ट २०२४ मध्ये बंद केले, आणि व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश कूटबद्ध असल्याने तेथे संशोधकास सभासदांच्या राजीखुशीवरच विसंबावे लागते.