चार बाजूंचा वाद

एखाद्या ध्वनिमुद्रिकेविषयीं टीकाकार एक म्हणतात आणि चाहते दुसरें म्हणतात, ही नित्याची गोष्ट आहे. परंतु चाहत्यांमध्येंच दोन तट पडावे आणि ते पन्नास वर्षें टिकून राहावे, असें क्वचितच घडतें. इंग्लंडांतील ‘येस’ ह्या वाद्यवृंदाची ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ ही ध्वनिमुद्रिका अशा भाग्याची धनी आहे. डिसेंबर १९७३ मध्यें ती प्रसिद्ध झाली. दोन तबकड्या, चार बाजू, प्रत्येक बाजूस एकच रचना आणि सर्व मिळून सुमारें ८० मिनिटांचें संगीत, असें तिचें स्वरूप. ह्या वाद्यवृंदावर प्रेम करणारे कांहीं रसिक तिला त्याची सर्वांत मोठी कामगिरी समजतात. तितक्याच प्रेमाचे दुसरे रसिक म्हणतात कीं, एका उत्तम तबकडीपुरता ऐवज येथें दोन तबकड्यांवर पसरला आहे. ह्या मतभेदाचें मूळ रुचिभिन्नतेंत थोडें आणि त्या कृतीच्या जन्मकथेंत पुष्कळ आहे.

१९६० ते १९७० ह्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडांतील कांहीं तरुण वादकांना रॉक संगीतांतील तीन-चार मिनिटांच्या गीताची चौकट अपुरी वाटूं लागली. पाश्चात्त्य अभिजात संगीतांतील दीर्घ रचना, जाझमधील उत्स्फूर्त वादन आणि नवीं विद्युत्-वाद्यें ह्यांच्या साहाय्यानें त्यांनीं जो प्रकार सिद्ध केला, त्यास ‘प्रोग्रेसिव्ह रॉक’ म्हणतात. १९६८ सालीं लंडनमध्यें स्थापन झालेला ‘येस’ हा ह्या प्रकारांतील अग्रगण्य वाद्यवृंद होय. १९७२ सालच्या ‘क्लोज टु द एज’ ह्या ध्वनिमुद्रिकेची एक संपूर्ण बाजू त्यानें सुमारें अठरा मिनिटांच्या एकाच रचनेस दिली, आणि त्या प्रयोगाविषयीं चाहत्यांत जवळजवळ एकमत झालें. पुढची कृती याहूनही मोठी असणार ही अपेक्षा वादकांप्रमाणें श्रोत्यांच्याही मनांत घर करून बसली.

त्या पुढच्या कृतीचें बीज मात्र एका भारतीय ग्रंथांत सांपडलें. मार्च १९७३ मध्यें गायक जॉन अँडरसन हे दौऱ्यानिमित्त टोकियो येथें होते. परमहंस योगानंद ह्यांचें १९४६ सालीं प्रसिद्ध झालेलें ‘ऑटोबायोग्राफी ऑफ अ योगी’ हें आत्मचरित्र त्यांच्या हातीं होतें. ‘किंग क्रिम्झन’ ह्या वाद्यवृंदांतील तालवादक जेमी म्यूर ह्यांच्याकडून त्या ग्रंथाचा परिचय झाला होता. त्यांतील एका तळटीपेंत शास्त्रांचे श्रुति, स्मृति, पुराण आणि तंत्र असे चार विभाग सांगितले आहेत. धर्म व समाजजीवन यांबरोबरच वैद्यक, संगीत, कला आणि वास्तुविद्या यांचाही त्यांत अंतर्भाव होतो, ह्या विधानानें अँडरसन भारावून गेले. चार भागांच्या महाकृतीची कल्पना त्यांना तेथेंच सुचली.

महाराष्ट्रांतील सुशिक्षित वाचकास हे चार विभाग नवे नाहींत. तंत्रग्रंथांत तर कृतयुगास श्रुति, त्रेतायुगास स्मृति, द्वापरास पुराण आणि कलियुगास तंत्र अशी त्यांची वांटणीही आढळते. अशा अफाट वाङ्मयाचा परिचय केवळ एका तळटीपेवरून करून घेणाऱ्या गायकाच्या धाडसाचें हसूं येणें शक्य आहे. परंतु अँडरसन ह्यांचा हेतु शास्त्रांचें विवरण करण्याचा नव्हता. त्यांना चार खणांचा एक सांचा हवा होता. विषय चार आणि दोन तबकड्यांच्या बाजूही चार, हा मेळ सहजच जमला. त्या काळच्या बारा इंची तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटें उत्तम वाजे. त्याहून अधिक संगीत भरावयाचें तर खांचा दाटीनें कोराव्या लागत आणि ध्वनि क्षीण होई. म्हणून प्रत्येक शास्त्राच्या वांट्यास सुमारें वीस मिनिटें आलीं. रचनेची लांबी अशा रीतीनें स्वर सुचण्यापूर्वींच ठरून गेली, आणि चाहत्यांच्या साऱ्या वादाचें बीज येथेंच आहे.

अँडरसन आणि गिटारवादक स्टीव्ह हाऊ ह्यांनीं दौऱ्यांतील हॉटेलांच्या खोल्यांत मेणबत्त्यांच्या प्रकाशांत रात्री जागवून आराखडा तयार केला. अमेरिकेंतील सव्हाना येथें एका रात्रीच्या बैठकींत त्याचें स्वरूप बहुतांशीं निश्चित झालें. बास गिटार वाजविणारे ख्रिस स्क्वायर, नुकतेच आलेले ड्रमवादक ॲलन व्हाइट आणि कीबोर्डवादक रिक वेकमन ह्यांच्यापुढें योजना आली ती ह्या स्थितींत. ध्वनिमुद्रण लंडनच्या मॉर्गन स्टुडिओंत झालें. अँडरसन ह्यांची इच्छा रानावनांत जाण्याची होती. ती फळास आली नाहीं, तेव्हां स्टुडिओंतच वाळलेलें गवत, कुंपण आणि पुठ्ठ्याच्या गाई मांडण्यांत आल्या. वेकमन ह्यांचें मन ह्या कार्यांत कधींच रमलें नाहीं. एका तबकडीस अधिक आणि दोन तबकड्यांस अपुरा असा हा ऐवज असून मधली जागा भरताड वादनानें भरली गेली, असें त्यांनीं पुढें वारंवार सांगितलें. म्हणजे चाहत्यांतील दोन्ही पक्षांचे अध्वर्यु वाद्यवृंदांतच होते.

चारही बाजूंचे गुणधर्म भिन्न आहेत. पहिली बाजू श्रुतीची. मंत्रासारख्या झपाट्याच्या सामूहिक गायनानंतर ती हळूहळू उमलत जाते. दुसरी स्मृतीची, येथें कीबोर्डांच्या लाटांवर आठवणी तरंगतात आणि गति मंद असते. तिसरी पुराणांची, म्हणजे लुप्त संस्कृतींची. हिच्या प्रारंभीं तालवाद्यें व कर्कश गिटार यांच्या गदारोळांत निरनिराळ्या भाषांतील सूर्यवाचक शब्द उच्चारले जातात, त्यांत भारतीय भाषांतीलही आहेत. आणि अखेरीस साध्या गिटारीवर एक कोमल गीत येतें. चौथी तंत्राची, हींत बास गिटार व ड्रम यांना प्राधान्य असून तालवाद्यांच्या तुंबळ संघर्षानंतर शांत समाप्ति होते.

जाहीर प्रयोगांत ह्या कृतीची कसोटी मोठ्या विचित्र प्रकारें लागली. नोव्हेंबर १९७३ मध्यें, म्हणजे तबकड्या दुकानांत येण्यापूर्वींच, लंडनच्या रेनबो नाट्यगृहांत ती संपूर्ण वाजविण्यांत आली. एकही स्वर पूर्वीं न ऐकलेल्या श्रोत्यांपुढें ८० मिनिटांचें नवें, गहन संगीत! मँचेस्टर येथील एका कार्यक्रमाची हकीकत वेकमन ह्यांनीं स्वतः अनेकदां सांगितली आहे. कार्यक्रमानंतरच्या जेवणासाठीं त्यांनीं हिंदुस्थानी पद्धतीचें कालवण मागविलें. साहाय्यकानें गैरसमजानें तें वादन चालू असतांनाच आणून दिलें, आणि तेव्हां वाजविण्यासारखें फारसें कांहीं नसल्यामुळें त्यांनीं तें रंगमंचावरच खाल्लें. १९७४ सालीं वेकमन वाद्यवृंद सोडून गेले. असें असूनही ध्वनिमुद्रिका इंग्लंडांतील विक्रीच्या यादींत पहिल्या आणि अमेरिकेंत सहाव्या क्रमांकापर्यंत पोंचली. टीकाकारांनीं मात्र तिची गणना अतिरेकाच्या उदाहरणांत केली, आणि १९७६-७७ च्या सुमारास पंक संगीताची लाट आल्यावर तिचें नांव उपहासार्थ घेण्याची चालच पडली.

विरोधी चाहत्यांचें म्हणणें दुर्लक्षणीय नाहीं. ‘क्लोज टु द एज’ मध्यें प्रत्येक क्षण पुढील क्षणाची तयारी करतो. येथें कित्येक स्थळीं एकच कल्पना पुढें न सरकतां फिरत राहते. काव्याचा अर्थ धूसर आहे आणि ती धूसरता विस्तारास निमित्त होते. शिवाय जो चांगला भाग आहे तो शोधण्यासाठीं पुष्कळ वाट पाहावी लागते, आणि ती वाट वादकांनीं कापून द्यावयास हवी होती. विस्तार हा विषयाच्या गरजेनें व्हावा, बाजू भरावयाची म्हणून होऊं नये, असा ह्या पक्षाचा मुद्दा आहे.

समर्थकांचें उत्तरही तितकेंच विचारपूर्ण असतें. एका बाजूवरील सूत्र दुसऱ्या बाजूवर रूप पालटून परत येतें. तें ओळखण्याचा आनंद कांपून लहान केलेल्या कृतींत मिळणार नाहीं. ज्यास ते भरताड म्हणतात तो वस्तुतः विश्रांतीचा अवकाश आहे, आणि त्याच्या अभावीं चौथ्या बाजूची समाप्ति इतकी हृद्य वाटली नसती. पहिल्या श्रवणांत हें संगीत हातीं लागत नाहीं, परंतु दहाव्या श्रवणांतही तें संपत नाहीं, असा त्यांचा अनुभव आहे.

ह्या दोहोंमध्यें एक मोठा मध्यम पक्ष आहे. पहिली व चौथी बाजू निःसंशय उत्तम, दुसरी व तिसरी संदिग्ध, असा त्याचा निवाडा. आणि वाद्यवृंदानेंही आचरणानें त्यास बरीच पुष्टि दिली. चौथी बाजू पुढील वर्षांतही कार्यक्रमांत राहिली. १९९६ सालीं कॅलिफोर्नियांतील सॅन लुइस ओबिस्पो येथें जुने वादक एकत्र आले तेव्हां त्यांनीं पहिली बाजू वाजविली, आणि कीबोर्डांपुढें बसले होते स्वतः वेकमन. २००३ सालच्या नव्या आवृत्तींत तर पहिल्या बाजूच्या प्रारंभीं पूर्वीं कापलेलीं सुमारें दोन मिनिटें पुन्हा जोडण्यांत आलीं. जी कृती लांब म्हणून निंदिली गेली ती अधिक लांब झाली, आणि अनेक चाहत्यांनीं तिचें स्वागतच केलें!

महाराष्ट्रांतील जुन्या श्रोत्यास ह्याच्या उलट अडचण ठाऊक आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या तीन-साडेतीन मिनिटांत अब्दुल करीम खांसाहेबांसारख्या गायकांस संपूर्ण राग मावून दाखवावा लागे. तेथें तबकडी संगीतास आंवळीत होती. येथें तिनें संगीतास ताणलें. दोन्हीं ठिकाणीं काळाचें माप गायकाबाहेरून आलें, आणि त्या मापांत जीव ओतणें हें गायकाचें काम ठरलें. तीन मिनिटांत तें साधलें कीं नाहीं हें एका बैठकींत कळतें. ८० मिनिटांचा निवाडा करावयाचा तर श्रोत्यासही आपल्या आयुष्यांतील वेळ पणास लावावा लागतो. ज्याचा वेळ सार्थकीं लागला तो ह्या कृतीचा पक्का मित्र होतो, आणि ज्याचा लागला नाहीं त्यास फसगत झाल्यासारखें वाटतें. म्हणूनच हा वाद इतक्या जिव्हाळ्यानें चालतो. नव्या श्रोत्यानें चारही बाजू एका दमांत ऐकण्याचा हट्ट धरूं नये, हें बरें. एक बाजू संपली कीं उठून तबकडी उलटावी लागे. तेवढी उसंत मूळच्या योजनेंतच होती.